चहातले थेंब

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली सायकियाट्री पोस्टिंगला आल्या की पहिल्या आठवड्यात मी त्यांना एकच काम देते. सकाळच्या औषधांच्या वेळी ट्रॉलीपाशी उभं राहायचं आणि फक्त बघायचं. यंदा त्यांतल्या एकीने विचारलं, "मॅडम, बाकीच्या वॉर्डांत गोळ्या वाटीत काढून ठेवतात आणि वाटत जातात. तुम्ही प्रत्येकासमोर पट्टी कापता, औषधाचं नाव सांगता, कशासाठी आहे ते सांगता. चाळीस पेशंटना दीड तास लागतो. कशासाठी?"

तेव्हा राउंडची वेळ झाली होती, म्हणून नंतर सांगते म्हणाले. ते नंतरचं सांगणं म्हणजे हे लिखाण. माणसाचं गाव, वय आणि ओळख पटेल असं सगळं मी बदललंय. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारून लिहितेय. "लिहा, पण माझं नाव नको आणि आईला वाईट ठरवू नका," एवढीच त्याची अट होती.

तो वायरमन. वय सव्वीस. आईबरोबर राहायचा. सहा महिन्यांपासून त्याला मीटरच्या पेटीतून बोलणं ऐकू यायचं, रात्र-रात्र झोप नसायची. देवऋषी झाले, अंगारे झाले. मग ओळखीच्या एका डॉक्टरांनी मुलाला न बघताच आईच्या हाती एक बाटली दिली. रिस्पेरिडोनचं द्रावण, म्हणजे भास-भ्रमांवरचं औषध. रंग नाही, वास नाही. "चहात घाला, कळणारही नाही."

नर्स म्हणून आज मी ती बाटली डोळ्यांपुढे आणते तेव्हा पहिली गोष्ट आठवते ती ही, की हे द्रावण चहात मिसळायचं नसतं. पाण्यात चालतं, कॉफीत चालतं, चहात आणि कोलात नाही. त्या माऊलीला ते कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय मात्रा. मुलाने अर्धा कप प्यायला की अर्धं औषध पोटात. दोन दिवस टपरीवरच चहा घेतला की शून्य. मग तिसऱ्या दिवशी घाबरून ती जास्त थेंब घालायची. अशाच एका रात्री त्याची मान एका बाजूला पिळवटली, जबडा आवळला, डोळे वर गेले. या औषधांनी असं होतं, विशेषतः तरुण पुरुषांत. आम्ही त्याला डिस्टोनिया म्हणतो. फेनरगनचं इंजेक्शन दिलं की बहुतेकांना अर्ध्या तासात आराम पडतो. पण ज्याला आपण औषध घेतोय हेच माहीत नाही, त्याने काय समजायचं? कुणीतरी आपली मान मुरगाळतंय, असंच त्याला वाटलं. त्याच्या जागी मलाही तेच वाटलं असतं.

त्या रात्री तो आमच्या वॉर्डात आला. मी नाईटला होते. इंजेक्शन दिलं, मान सैल पडली, घाम पुसला. आई व्हरांड्यात होती. तिने माझे दोन्ही हात धरून सगळं सांगितलं आणि म्हणाली, "सिस्टर, त्याला सांगू नका हो. घर सोडून जाईल."

मी परत आत गेले तर तो जागाच. माझ्याकडे बघत म्हणाला, "सिस्टर, खरं सांगा. माझ्या चहात काही घालतात का?"

मी म्हणाले, "नाही दादा. तसं काही नसतं. आई आहे ती तुमची."

हे वाक्य मी इतक्या सहज बोलले की त्या वेळी मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. आम्हाला शिकवलेलं असतं की भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला दुजोराही देऊ नये. शिकवण चांगली आहे. पण इथे भ्रम नव्हताच. तो माणूस खरं बोलत होता आणि मी त्याच्या आजाराच्या नावाखाली ते खोडून काढलं. "अन्नात काहीतरी घालतात" असं म्हणणारा पेशंट आला की केसपेपरवर आपण एक ओळ लिहितो आणि पुढे जातो. मीही लिहिली होती. त्या ओळीखाली माझी सही आहे.

पुढे काय झालं ते थोडक्यात. दोन आठवड्यांत तो घरी गेला. महिनाभराने फोडणीसाठी मोहरी काढताना त्याला मिसळणाच्या डब्यात, वाट्यांच्या खाली, ती बाटली सापडली. त्याच रात्री तो घरातून निघून गेला. आठ महिन्यांनी पोलिसांनी त्याला आमच्याकडे आणलं तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या.

या वेळी तो वॉर्डातलं जेवण शिवेना. पाणी नळाला स्वतःची ओंजळ लावून प्यायचा. साल असेल तेवढंच खायचा. केळं, उकडलेलं अंडं, भाजलेल्या शेंगा. माझ्या हातून तर काहीच घेत नव्हता. मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड. मावशींकडून घ्यायचा, नव्या वॉर्डबॉयकडून घ्यायचा, माझ्याकडून नाही. त्याला कारण माहीत होतं आणि मलाही.

मी ठरवलं की त्याला सांगायचं. इन्चार्ज सिस्टरना ते पटलं नाही. "आईला उघडं पाडशील. शिवाय स्टाफने चूक कबूल करायची म्हणजे उद्या लेखी तक्रार." त्यांची भीती खोटी नव्हती. म्हणून मी आधी आईला विचारलं. तिने दोन दिवस घेतले आणि म्हणाली, "मीच बसते समोर."

तिघं बसलो. मी म्हणाले, "दादा, त्या रात्री तुम्ही विचारलंत आणि मी खोटं बोलले. तुमच्या चहात औषध घातलं जात होतं. मला ते माहीत होतं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आईला विचारलं, "किती थेंब?"

"आधी दहा. मग अंदाजाने."

"म्हणजे मी बरोबर होतो."

"या बाबतीत तुम्ही बरोबर होता," मी म्हणाले.

"मग मीटरचं?"

असा प्रश्न पेशंटने विचारणं म्हणजे काय असतं, हे या कामातल्या माणसालाच कळेल. मी म्हणाले, "मीटरमधलं बोलणं मला ऐकू येत नाही. तुम्हाला येतं आणि त्याचा त्रास होतो, हे मला दिसतंय. त्यावर औषध आहे. त्याचं नाव मी तुम्हाला लिहून देते."

चमत्कार वगैरे झाला नाही. त्यानंतरही तीन आठवडे त्याने गोळी घेतली नाही. रोज सकाळी मी पट्टी त्याच्या हातात द्यायचे. तो नाव वाचायचा, तारीख बघायचा, परत द्यायचा. मी "आज नको म्हणाले" असं लिहून पुढे जायचे. एकदा म्हणाला, "मालक सांगतो मेन बंद आहे, तरी मी टेस्टर लावल्याशिवाय वायरला हात लावत नाही." बाविसाव्या दिवशी पट्टी स्वतः फोडून त्याने गोळी घेतली आणि न सांगता तोंड उघडून दाखवलं. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात, निदान माझ्या ड्युटीला, वाटीतून गोळ्या वाटणं बंद आहे.

हिल्डेगार्ड पेपलॉ या अमेरिकन नर्सने १९५२ साली मांडलं की नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग असतो. परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो आणि मुली छान उत्तर लिहितात. मीही लिहिलं होतं. सर्जिकल वॉर्डात नर्स एखादं खोटं बोलली तर टाका उसवत नाही. आमच्याकडे उसवतो, हे मात्र मला त्या भिंतीकडे फिरवलेल्या पाठीने शिकवलं.

आता अवघड भाग. वर्गात ही गोष्ट सांगितली की कुणीतरी हमखास विचारतं, "मग त्या आईने करायचं काय?" हा प्रश्न टाळून कसल्याही नीतिमूल्यांची चर्चा करू नये असं माझं मत आहे. ज्या घरात एकटी बाई आहे, मुलगा पाच रात्री झोपलेला नाही, हातात पाना घेऊन मीटर फोडायला निघालाय आणि जिल्ह्याच्या गावाला जायला दिवसातून दोन एस.टी. आहेत, त्या घरातल्या बाईला मी "संमती घ्या" म्हणून सांगायचं आणि घरी जायचं, हे मला जमत नाही. थेंब घालणाऱ्या एकाही आईला मी कधी बोल लावलेला नाही. मला राग येतो तो पेशंट न बघता बाटली देणाऱ्याचा आणि सगळं माहीत असून गप्प बसणाऱ्या आमचा.

म्हणून मी त्यांना जे खरोखर करता येतं ते सांगते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा प्रत्येकाला निर्णयक्षम धरूनच सुरू होतो. आपल्याला त्याचा निर्णय चुकीचा वाटला म्हणून तो निर्णय घ्यायला असमर्थ ठरत नाही. पण खरोखरच आधार लागणारी अवस्था असेल, जिवाला धोका असेल, तर कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने बोलू शकणाऱ्या माणसाच्या, अर्जावर त्याला दाखल करता येतं. सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून. आणीबाणीत बहात्तर तासांपर्यंत उपचाराची सोय आहे. रोज गोळी नको असणाऱ्याला महिन्याचं इंजेक्शन विचारता येतं. पुष्कळ जण त्याला हो म्हणतात, कारण रोजची कटकट त्यांनाही नको असते. आणि माणूस बरा असताना त्याच्याकडून लिहून घेता येतं की पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत. आमच्या वायरमनने ते लिहिलंय. त्यात एक ओळ आहे, "औषध उघड द्यावे. मी नाही म्हटले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे."

एक गोष्ट मात्र मला अजून छळते. ती वायरमनच्याही आधीची. स्त्री विभाग, बेचाळीस पेशंट, नाईटला मी आणि एक मावशी. एक बाई उन्मादात होती. रात्री एक वाजता मोठ्याने जात्यावरच्या ओव्या म्हणत या खाटेवरून त्या खाटेवर जात होती, लोकांच्या चादरी ओढत होती. कुणाला मारत नव्हती. मी डॉक्टरांना फोन केला. "सकाळपर्यंत बांधून ठेवा." मी बांधलं. चादरीच्या पट्ट्यांनी, दोन्ही मनगटं, एक ते सहा. ती काही वेळ ओव्याच म्हणत राहिली. मग थांबली. सकाळी सोडलं तेव्हा मनगटावर वळ होते आणि तिने पाणी मागितलं. रात्रभर मी तिला पाणीही विचारलं नव्हतं.

दिवे लावून आम्ही जी शपथ घेतो ती नाइटिंगेलबाईंच्या नावाने असली तरी त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला ती तयार झाली. तीत डॉक्टरांना निष्ठेने साह्य करण्याचं वचन आहे. त्या रात्री मी तेवढंच पाळलं. आपल्या हाती सोपवलेल्या माणसांच्या कल्याणाला वाहून घेण्याचं वचनही त्याच शपथेत आहे, ते विसरले.

तमिळनाडूत एरवाडी इथे मनोरुग्णांना ठेवायच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळीने बांधलेली अठ्ठावीस माणसं गेली. साखळ्या होत्या म्हणून त्यांना पळता आलं नाही. ती बातमी वाचून मी रडले होते. आणि तरीही त्यानंतर काही वर्षांनी चादरीच्या पट्ट्या माझ्याच हातांनी फाडल्या. मला तेव्हा त्या दोन गोष्टी एकसारख्या वाटल्या नाहीत.

आज साखळीने बांधायला कायद्याने पूर्ण बंदी आहे. इतर बंधनासाठी कलम ९७ आहे. तत्काळ होणारी इजा टाळायला दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरत्याच वेळासाठी. का, कसं, किती वेळ, हे नोंदवायचं. प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि एक वाक्य असं आहे की ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणावरून बंधन घालता येणार नाही. माझं त्या रात्रीचं कारण नेमकं तेच होतं. आता स्टाफ कमी असेल तर मी ड्युटीच्या सुरुवातीलाच रजिस्टरला तसं लिहिते, वेळ घालून, आणि मेट्रनना फोन करते. मुलींनाही लिहायला लावते. त्याने माणसं लगेच मिळतात असं नाही. पण रात्री एक वाजता आपल्या हातातल्या चादरीला "नाइलाज" हे नाव द्यायचा मोह कमी होतो.

बाकी लहानसहान गोष्टी मुली आपोआप शिकतात. पेशंटचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही, बाजारात भेटला तर त्याने ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही, दिवाळीला आणलेला डबा सगळ्या स्टाफसमोर उघडायचा. त्यावर फार बोलावं लागत नाही.

गेल्या गुरुवारी एका बाईंचा फोन आला. कुणीतरी माझा नंबर दिला होता. मुलगा एकवीस वर्षांचा, कॉलेज सुटलंय, चार रात्री झोप नाही, कुणीतरी पाळत ठेवतंय म्हणतो. "ताई, माझ्या हातात बाटली आहे. रात्रीच्या दुधात घालू का?" मी विचारलं, त्याने कुणाला मारलंय का, स्वतःला काही करायची भाषा करतो का, खातो-पितो का. तसं काही नव्हतं. मी म्हणाले, आज घालू नका. झोप लागत नाही, एवढं तरी त्याला मान्य आहे का? म्हणाल्या, हो, त्याने तोही वैतागलाय. मग तेवढंच बोला. पाळत आहे की नाही यावर वाद नको. झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू म्हणा, आणि डॉक्टर मनाचे आहेत हेही सांगा, लपवू नका. काही कमी-जास्त वाटलं तर रात्री कितीही वाजता मला लावा, आणि मी उचलला नाही तर १४४१६ ला लावा, टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

काल त्यांचा मेसेज आला. तो यायला तयार आहे, पण डॉक्टरकडे आत जायचं की नाही ते तिथे आल्यावर ठरवणार म्हणतो. मी कळवलं, चालेल. मंगळवारी ओपीडी साडेआठला उघडते. मी आठलाच जाऊन बाहेरच्या बाकावर बसणार आहे.