झॉर्क-१: खजिना ढीगभर, हात दोनच

झॉर्क-१ पुन्हा खेळायला घेतलाय. इन्फोकॉम कंपनीचा, १९८० सालचा संगणकावरचा साहसखेळ. चित्रबित्र काही नाही, नुसता मजकूर, आपण आज्ञा टाइप करायच्या. जमिनीखालचा खजिना शोधून घराच्या दिवाणखान्यातल्या ट्रॉफी केसमध्ये आणून ठेवायचा; त्यात आत्ताशी निम्मा ऐवज जमलाय. कोड्यांची उत्तरं बहुतेक पाठ आहेत, दमवते ती हमाली.

मर्यादा दोन. एक वजनाची, दुसरी नगांची. हातात सातपेक्षा जास्त वस्तू झाल्या की पुढची उचलताना ‘आधीच फार वस्तू धरल्यात’ असं उत्तर येतं. गंमत म्हणजे हे नशिबावर आहे. तीच आज्ञा चिकाटीने देत राहिलात तर कधीतरी वस्तू मुकाट उचलली जाते! मग या नियमाने साधलं काय? बरं, ट्रोलने (वाटेतल्या राक्षसाने) जखमी केलं असेल तर वजनाची मर्यादाही बरं होईपर्यंत उतरते. (पिशवीतल्या वस्तू वेगळ्या नगांत धरत नाहीत, पण ती पिशवीही चिमुकली.)

जागेच्या अडचणी मात्र मला आवडतात. स्टुडिओतल्या चिमणीतून थेट स्वयंपाकघरात निघता येतं, पण कंदिलासोबत एकच वस्तू नेता येते. गॅलरीतलं चित्र असंच वर काढलं. सोन्याची शवपेटी त्याहून भारी. वेदीपाशी खाली जायला भोक आहे, पण पेटी घेऊन त्यातून उतरता येत नाही, आणि ज्या दोराने उतरून आलो तो वर चढायच्या कामाचा नाही. तिथे प्रार्थना करायची. पेटीसकट थेट जंगलात!

आठवड्याची मजा कोळशाच्या खाणीत आली. लाकडांच्या खोलीपुढची फट इतकी अरुंद की रिकाम्या हातानेच जायचं, म्हणजे कंदीलही बाहेर. पलीकडे मिट्ट काळोख. म्हणून हस्तिदंती मशाल, कोळसा आणि स्क्रूड्रायव्हर आधी टोपलीत घालून खाली सोडायचे, मग स्वतः वळसा घालून फटीतून शिरायचं. मशाल वायूच्या खोलीतून नेली तर स्फोट, त्यामुळे टोपलीशिवाय गत्यंतर नाही. खाली यंत्रात कोळसा घातला, स्क्रूड्रायव्हरने कळ फिरवली, हिरा तयार. तो परत टोपलीतूनच वर. मशाल हाही खजिनाच, पण ती मी शेवटपर्यंत केसमध्ये ठेवणार नाही. कंदिलाची बॅटरी संपते, ही विझत नाही.

सायक्लॉप्स या एकाक्ष राक्षसाला ग्रीक पुराणातला त्याचा वैरी ओडिसियस याचं नाव ऐकवून पळवलंय. त्याने भिंत फोडल्यामुळे दिवाणखान्यापर्यंत सरळ वाट झाली, चिमणीचा जाच सुटला. आता उरला चोर. रत्नजडित अंडं आपण उघडायला गेलो तर फुटतं, तो मात्र अलगद उघडतो. त्यामुळे अंडं मुद्दाम त्याच्या हाती देऊन ठेवलंय. त्याला त्याच्याच खोलीत गाठायचं आणि त्याने लांबवलेला सगळा माल त्या फुटलेल्या भिंतीच्या वाटेने खेपा घालत आणायचा. तलवारीपेक्षा त्याच्यावर सुरी जास्त चालते, म्हणून सात नगांत एक जागा सुरीची.