कर्णाच्या नकारातली राधा

पेडणे तालुक्यातील एका देवळाच्या जत्रेत परवा दशावतारी काला पाहिला. संकासुराची थट्टामस्करी आटोपून आख्यान लागेपर्यंत मध्यरात्र उलटली होती आणि खाज्यांच्या दुकानांवरची गर्दीही ओसरली होती. आख्यान कर्ण-कुंतीच्या भेटीचे होते. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. त्यामुळे कर्णाने आईला नकार का दिला, याचे उत्तर ती भूमिका करणाऱ्या नटाला ऐनवेळी स्वतःच द्यावे लागते. या नटाने ते दुर्योधनाच्या उपकारांत शोधले. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला दिलेला शब्द, आणि पायपेटीच्या साथीने शब्द जिंकला.

घरी येऊन उद्योगपर्व पुन्हा वाचले. नट चुकला नव्हता, कारण कुंतीसमोर कर्ण कौरवांच्या अन्नाचीच भाषा बोलतो. मात्र त्याआधी कृष्णाने त्याला जन्मरहस्य सांगून ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ केले, तेव्हाच्या उत्तराचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे दुर्योधन पुष्कळ नंतर येतो. आधी येते ती राधा: अधिरथाने घरी आणलेल्या बाळाला पाहून मायेने जिला तत्काळ पान्हा फुटला, जिने त्याचे मलमूत्र काढले. तिच्या पिंडाचा लोप माझ्यासारख्याने कसा करावा, असे तो विचारतो. पितृपक्षात म्हाळ घालणाऱ्या आपल्या घरांत या प्रश्नाचे वजन वेगळे समजावून सांगावे लागू नये. मग जातकर्म करणारा अधिरथ, मग सूतकुळातील बायका, मुले, नातवंडे, आणि त्यानंतर कुठे दुर्योधनाच्या आश्रयाने भोगलेली तेरा वर्षे. म्हणजे प्रेम आणि प्रतिष्ठा यांच्यातील झगडा म्हणून आपण जो रंगवतो, त्यात प्रेम दोन्हीकडे आहे, आणि नकाराच्या बाजूचे प्रेम अधिक जुने आहे.

गंगाकाठी कुंती त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत जप संपण्याची वाट पाहत उभी राहते. ‘राधेयोऽहमाधिरथिः’, मी राधेचा आणि अधिरथाचा पुत्र, असे म्हणून तो तिला वंदन करतो. तू राधेय नव्हेस, असे ती सांगते आणि सूर्य तिला दुजोरा देतो. पुढे तो तिला कठोर बोलतो, शत्रूनेही याहून वाईट काय केले असते असे सुनावतो. पण राधेच्या पान्ह्याची गोष्ट तिच्यासमोर काढत नाही. कृष्णाजवळ जे मोकळेपणाने सांगितले, ते जन्मदात्रीच्या तोंडावर सांगणे त्याने टाळले असावे, हा माझा तर्क. उलट अर्जुन वगळता चौघांना मारणार नाही, तुझे पाच पुत्र कायम राहतील, असे वचन तो देतो आणि युद्धात पाळतो. भीम, सहदेव, नकुल, युधिष्ठिर असे सगळे त्याच्या तावडीत सापडून सुटतात. भीमाला तर धनुष्याच्या टोकाने स्पर्श करून, खादाड म्हणून हिणवून सोडतो. (थोरल्या भावाने धाकट्याला टपली मारावी, तसे मला ते उगाचच वाटते.)

युद्ध संपल्यावर गंगेवर तर्पण चालू असताना कुंतीने मुलांना कर्णालाही पाणी द्यायला सांगितले. युधिष्ठिराने ते दिले, आणि ज्या संसारासाठी कर्णाने राज्य नाकारले होते, त्या संसारातील स्त्रियांना बोलावून आपल्याजवळ आणवले.