तिसऱ्या ओळीत कोण

शाळेतून कार्ड परत आलं. रागावून वगैरे नाही, इथे कुणी रागवत नाही. तिसऱ्या ओळीभोवती पेन्सिलने एक गोल आणि वर पिवळी चिठ्ठी, की जमल्यास इथे आणखी एक नाव लिहावं. जमल्यास! गोल इतका फिकट काढलाय की खोडरबर नुसता दाखवला तरी जाईल, आणि मी संध्याकाळपासून त्याच्याकडेच बघत बसलेय. कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष नव्हतं, भाताचा गचका झाला, तो दह्यात कालवून वाढला, कुणी काही बोललं नाही.

हिकिवाताशीचं, म्हणजे पोर कुणाच्या हाती सोपवायचं त्याचं कार्ड. एरवी इथे तोक्योत पहिलीतली एवढीएवढीशी पोरं पिवळ्या टोप्या घालून आपापली शाळेत जातात येतात, आपल्याकडे सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतात. पण मोठा भूकंप झाला की नियम बदलतो, मग शाळा पोराला एकटं सोडत नाही, कार्डावर ज्याचं नाव असेल त्याच्याच हातात देते. पहिल्या ओळीत बाप, दुसऱ्या ओळीत आई, हे काय झोपेतही लिहिता येतं. तिसऱ्या ओळीत, हे दोघंही पोचले नाहीत तर कोण. नाव, फोन नंबर, मुलाशी नातं.

एप्रिलमध्ये ती ओळ कोरीच गेली होती. मला वाटलं एवढं कोण बघतंय. बघतात, इथे सगळं बघतात.

नवरा म्हणाला, "अगं कुणाचंही लिही, ड्रिलच आहे." कुणाचंही! मी म्हटलं सांग एक नाव. तर त्याने टीममधल्या एकाचं सांगितलं, तो राहतो कावासाकीला. आख्खं तोक्यो ओलांडून तो माणूस माझ्या पोरीला घ्यायला येणार, तेही ट्रेन बंद असताना. मी काही बोलले नाही, भांडी जरा जोरात लावली.

त्याला ड्रिल वाटतं कारण त्याची सोय आहे. २०११ ला ११ मार्चला दुपारी पावणेतीनला तो भूकंप झाला तेव्हा इथल्या ट्रेन थांबल्या आणि माणसांचे लोंढेच्या लोंढे रात्रभर चालत घरी निघाले, रस्ते तुंबले, ॲम्ब्युलन्सला जागा नाही, म्हणून २०१३ पासून तोक्योचा नियमच आहे की कंपन्यांनी लोकांना लगेच घरी सोडायचं नाही, तीन दिवसांचं पाणी आणि खाणं साठवून ठेवायचं आणि माणसं तिथेच थांबवायची. नियम शहाणपणाचाच आहे, मला कळतं. याच्या ऑफिसात त्याचे खोके आहेत, मागे त्याने कौतुकाने फोटो पाठवला होता. म्हणजे माझी पहिली ओळ तीन दिवस ओतेमाचीच्या ऑफिसात बिस्किटं खात बसणार, नियमाने. नियम मोडून चालत निघाला तरी नऊ-दहा किलोमीटर, आणि मधे आराकावा नदी, तिच्यावरचा पूल चालू ठेवला तर.

दुसरी ओळ मी. मी मंगळवार-गुरुवार उरायासूला असते. तिथून घर म्हणजे काही फार नाही, तासाभराचं चालणं, पण मधे पुन्हा नदी, क्यू-एदोगावा. आजपर्यंत रोज ट्रेनच्या खिडकीतून बघितलेल्या नद्या, छान वाटायच्या, फोटोबिटो काढलेत. आज नकाशा उघडला आणि पहिल्यांदा असं दिसलं की नवरा एका नदीच्या पलीकडे, मी दुसऱ्या नदीच्या पलीकडे आणि पिल्लू मधल्या तुकड्यात. आणि तो तुकडा तरी कसला, आमच्या वॉर्डाची सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. २०१९ मध्ये वॉर्डानेच घरोघरी पुराचा नकाशा वाटला, त्याच्या कव्हरवरच छापलंय की इथे थांबू नका. इतकी प्रामाणिक नगरपालिका मी जन्मात बघितली नाही. आम्ही मात्र तिथलाच घराचा करार परवा पुन्हा दोन वर्षांसाठी वाढवला, बाग जवळ आहे म्हणून.

तर कोण.

फोनमधली यादी वरून खाली बघून झाली. आमच्या निशी-कासाईत आपली माणसं काय कमी आहेत का, स्टेशनवर उतरलं की हिंदी, तेलुगू, तमिळ, मराठी सगळं कानावर पडतं, २०१९ ला योगेंद्र पुराणिक इथूनच आमच्या एदोगावा वॉर्डाच्या असेंब्लीत निवडून आले. मराठी माणूस निवडून येऊ शकतो इतके आपण इथे आहोत आणि मला एका ओळीपुरता माणूस सापडेना. गणपतीच्या ग्रुपवर दीडदोनशे माणसं आहेत, तिथे कढीपत्ता कुठे ताजा मिळतो विचारा, मिनिटात दहा उत्तरं. पण भूकंप झाला तर माझ्या मुलीला घेऊन याल का, हे कसं टाईप करायचं? लिहून बघितलं. खाली हात जोडलेला इमोजी टाकला. मग सगळं खोडलं.

मला वाटतं मला नाव सापडत नाही हे खरं दुखणं नाहीच. विचारावं लागतंय हे दुखणं आहे.

सांगलीत हे कुणी विचारलंच नाही. २००५ च्या पुरात मी नववीत होते, शाळा मधेच सोडली, गावभागात पाणी शिरतंय एवढंच बाई म्हणाल्या. मी गेटपाशी दप्तर पोटाशी धरून उभी आणि आमच्या दूधवाल्यांनी एम-एटी थांबवली, "बस गं, तुज्या घराकडं जातोय." दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या, त्या पायाला लागत होत्या, दुधाचा आंबूस वास, आणि त्यांनी स्वतःची प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ माझ्या डोक्यावर घातली, स्वतः भिजत गेले. मला त्या माणसाचं नाव तेव्हाही माहीत नव्हतं, आईलाही नसावं, आम्ही दूधवाले म्हणायचो. कुठल्या कार्डावर होते ते? शिक्का कुणी मारला होता? घरी सोडलं आणि चहा न घेता गेले, पुढची पोरं आणायची होती.

तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. आज रात्री साडेअकराला तोक्योत बसून त्या किटल्या आठवून रडू येतंय, म्हणजे वय झालं.

आणि मग दुसरीकडेच विचार गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आई-बाबा वरच्या मजल्यावर होते आणि मी इथे पिल्लूला मांडीवर घेऊन फोनवर बातम्या बघत होते, त्यांना बोटीतून कुणी काढलं, तर कुठल्याशा तालमीतल्या पोरांनी. त्यांच्या कार्डावर पहिल्या ओळीत

जाऊ दे. उद्या बोलेन आईशी.

---

पुढचं नंतर लिहितेय, मधे बरंच झालं.

पिल्लूला विचारलं होतं सहज, की आई-बाबा नाही आले तर कुणाबरोबर येशील. मला वाटलं घाबरेल. ती दप्तर भरत होती, मान वर न करता म्हणाली, "झेंडावाल्या आजी." म्हणजे सिग्नलपाशी पिवळा झेंडा घेऊन पोरांना रस्ता ओलांडून देतात त्या, ज्या आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात आणि ज्यांनी पिल्लूच्या उड्यांबद्दल दोनदा अतिशय गोड शब्दांत तक्रार केलीय. मी म्हटलं त्याच का? "त्या रोज असतात ना." संपला विषय. आजींना विचारायचं माझं जपानी तेवढं नाही आणि धाडस तर त्याहून नाही, त्यात भूकंपाच्या दिवशी एका ऐंशीच्या बाईला मी आणखी एक काम लावणार.

शेवटी मैत्रिणीला, कोल्हापूरकरणीला फोन केला. आमचं दिवाळीच्या हिशोबावरून जरा तुटक चालू होतं, आमच्यात ते चालूच असतं. मी आधी हवापाणी, मग मुलांचे खोकले, मग पोहण्याच्या क्लासची फी, असं करत करत एकदाचं म्हटलं की एक विचारायचं होतं, नाही म्हणालीस तरी चालेल, अजिबात वाईट वाटणार नाही.

तिने पूर्ण ऐकूनच घेतलं नाही. "अगं माझी दोन्ही पोरं तुझ्याच नावावर आहेत की. एप्रिलपासनं."

काय?

"हिकिवाताशीला तुझंच नाव घातलंय. सांगायचं राहूनच गेलं बघ तुला."

सांगायचं राहून गेलं! म्हणजे मी इथे रात्र रात्र कार्ड घेऊन रडतेय, हात जोडलेले इमोजी खोडतेय, आणि हिने मला न विचारता, माझा नंबर घालून, वर हांको, म्हणजे शिक्का मारून, दोन पोरं माझ्या नावावर केली आणि निवांत झोपली. पहिल्यांदा मला रागच आला. विचारायला नको? मी त्या दिवशी उरायासूला असले तर? तिच्या लक्षातच नव्हतं ते. "अगंबाई, मंगळवार-गुरुवार होय," म्हणाली आणि मग कॅलेंडर काढून बसली. ती सोमवार-बुधवार शिंजुकूला ऑफिसात, बाकी घरून. म्हणजे सोम-बुध तिची पोरं माझ्याकडे, मंगळ-गुरू पिल्लू तिच्याकडे. शुक्रवारी दोघी घरी. फोन चालणार नाहीत म्हणून १७१ वर निरोप ठेवायचा, तो नंबर अशाच वेळेसाठी असतो आणि दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला त्याची प्रॅक्टिस करता येते हे तिला माहीत, मला नव्हतं. आपण मराठीतच ठेवू, म्हणाली, कोण ऐकतंय.

फोन ठेवल्यावर राग शोधला, सापडला नाही. असं कसं कुणी कुणाला गृहीत धरतं, हे मी स्वतःशी दोनतीनदा म्हणून बघितलं आणि दर वेळी ते वाक्य तक्रारीसारखं ऐकू यायच्या ऐवजी भलतंच काहीतरी ऐकू येत होतं.

मग ड्रिल झालं, नेमकं बुधवारी. म्हणजे तीन पोरं मीच आणायची. ग्राउंडवर वर्गवार रांगा, सगळ्या पोरांच्या डोक्यावर ते जाड गादीसारखं बोसाई झुकिन, एरवी ते खुर्चीच्या पाठीला अडकवलेलं असतं त्यामुळे त्याला पेन्सिली, घाम आणि जेवणातल्या सोयासॉसचा मिळून एक वास येतो. पिल्लूचं पटकन झालं, बाईंनी कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं, पिल्लूला विचारलं या कोण, आई, या. मोठा चौथीत, त्याने मला ओळख फक्त मानेने दाखवली, झुकिन आधीच काढून हातात. धाकट्याच्या बाई मात्र नव्या होत्या. त्यांनी कार्डावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत माझं आडनाव वाचलं, ते चौकटीत मावलेलंच नाही, शेवटची दोन अक्षरं बाहेर लोंबतायत, मग नात्याचा रकाना वाचला. त्यात कोल्हापूरकरणीने बिनधास्त मावशी लिहून ठेवलंय, जपानीत. बाईंनी खाली वाकून त्याला विचारलं, "या तुझ्या मावशी का?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, खालपासून वरपर्यंत. मला खरंच धाकधूक झाली, हा नाही म्हणाला तर काय करायचं.

"हो," म्हणाला. "पण ही टीव्ही लावू देत नाही."

बाईंनी खूण केली, वाकल्या, मीही वाकले, आणि आम्ही निघालो. मोठा दहा पावलं पुढे, धाकटा आणि पिल्लू मधे ढकलाढकली करत, ड्रिलमध्ये ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही हे दोघांनी आत्ताच घोकलं होतं. सिग्नलला झेंडावाल्या आजी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याबरोबरची पोरं मोजली, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, वाढली की. मला एवढं जपानी येतं.

आईलाही फोन केला. बोटीचं वगैरे काढलं नाही, नुसतं विचारलं काही लागलं तर कोण येतं गं. म्हणाली कोण येत नाही ते विचार, दिवसभर दाराची कडी वाजतेय, दुपारी डोळा लागत नाही. मग बाबांच्या गुडघ्यावर गेली आणि मी ऐकत राहिले.

माझं कार्ड आता पूर्ण आहे. नात्याच्या रकान्यात मीही मावशीच लिहिलं, खोटं तर खोटं, दोघींचं सारखं असलेलं बरं. माझ्या सख्ख्या मावशीला हे कळलं तर इचलकरंजीहून फोन येईल.

कोल्हापूरकरीण ऑफिसातून थेट इकडेच आली, चहा घेत बसलीय आणि दिवाळीचा हिशोब पुन्हा उघडलाय. मी म्हटलं आता शुक्रवारचं तेवढं राहिलं, शुक्रवारी आला तर कुणी कुणाचं आणायचं? म्हणाली, जी आधी पोचेल तिने तिन्ही उचलायची, दुसरीने जाऊन वाणसामान बघायचं. तिचा धाकटा सोफ्यावरून उड्या मारतोय, टीव्ही लावलाय, मीच लावून दिला, आणि दाराची बेल वाजतेय, आजीच असणार.