फुप्फुसातील धातूचे नॅनोकण: मुक्काम आणि वाटा

श्वासावाटे आत गेलेले धातूचे नॅनोकण फुप्फुसात किती काळ राहतात, या प्रश्नाला बहुतेक वेळा अर्धायुष्याचा, म्हणजे त्यांचे प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाचा, एक आकडा देऊन उत्तर दिले जाते. मला ते उत्तर अपुरे वाटते, कारण फुप्फुसातील धातूचे प्रमाण घटले म्हणजे तो शरीराबाहेर पडला, असे होत नाही.

कण कोठे बसतो यावर पुढचे बरेच काही ठरते. सुमारे 20 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, मोठ्या प्रमाणावर पोहोचतात. एक-दोन नॅनोमीटरचे कण मात्र इतके चंचल असतात की ते नाकात आणि घशातच भिंतींना चिकटतात. श्वासनलिकांमध्ये अडकलेले बहुतेक कण तेथील चिकट स्राव आणि केसांसारखे सूक्ष्म तंतू मिळून साधारण दिवसभरात घशाकडे ढकलतात आणि आपण ते नकळत गिळतो. वायुकोशांत असे तंतूच नसल्याने तेथील सफाई भक्षकपेशींवर सोपवलेली असते. या पेशी कण गिळून हळूहळू वर नेतात. उंदरांमध्ये न विरघळणाऱ्या कणांचे अर्धायुष्य सुमारे 70 दिवस भरते, तर माणसात हे काम कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ चालते. त्यातही अतिसूक्ष्म कण या पेशींना मोठ्या कणांइतके सहज सापडत नाहीत आणि त्यांतील बरेचसे वायुकोशांच्या भिंतीत शिरतात. इरिडियम या न विरघळणाऱ्या धातूच्या कणांवर उंदरांत झालेल्या प्रयोगांत भिंतीत गेलेले कण कालांतराने पुन्हा पृष्ठभागावर येऊन भक्षकपेशींच्या हाती लागलेले दिसले, ही मला या विषयातील सर्वांत अनपेक्षित गोष्ट वाटते.

विरघळणाऱ्या धातूंचे गणित अगदी निराळे आहे. सुमारे 15 नॅनोमीटरचे चांदीचे कण उंदरांना सहा तास हुंगवल्यावर सातव्या दिवशी फुप्फुसात मूळ चांदीपैकी अवघे 4 टक्के उरले होते. सफाई वेगवान झाली असे यावरून वाटेल. प्रत्यक्षात त्या चांदीचा काही भाग रक्तावाटे इतर अवयवांत पोहोचला होता. झिंक ऑक्साइड तर भक्षकपेशीच्या आतल्या आम्लधर्मी कप्प्यात लवकर विरघळतो आणि जस्ताचे आयन (विद्युतभारित अणू) तेथेच एकदम मोकळे होतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्यांना काही तासांनी थंडी वाजून येणारा आणि एक-दोन दिवसांत ओसरणारा ताप याच ऑक्साइडच्या धुरामुळे येतो. म्हणजे मुक्काम अल्प असला तरी तो निरुपद्रवी ठरतोच असे नाही.

सोने याच्या दुसऱ्या टोकाला आहे, कारण ते जवळजवळ विरघळत नाही. एडिंबरो येथील 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांनी सोन्याचे नॅनोकण श्वासावाटे घेतले, तेव्हा ते सोने रक्तात आणि लघवीत आढळले व तीन महिन्यांनंतरही त्याचा माग लागला. रक्तात जाणारा वाटा अल्पच असतो, हे येथे नमूद करायला हवे.

मोजणीची अडचण यापुढची आहे. ऊती आम्लात विरघळवून धातू मोजला, तर एकूण प्रमाण कळते, पण तो मूळ कणाच्या रूपात होता की आयनाच्या, हे कळत नाही. शिवाय चांदीचे आयन शरीरातील गंधकाशी संयोग पावून नवे, कमी विद्राव्य कण तयार करू शकतात. फुप्फुसातून घटलेला धातू शरीराबाहेर पडला की दुसऱ्या अवयवात गेला, हे कळावे म्हणून अशा अहवालात मी अर्धायुष्याच्या आधी विष्ठा, लघवी आणि यकृत यांचे आकडे दिले आहेत का, ते पाहतो.