लाट: चिरा खाली, जोर कमी

मंडळी, विहिरीतून पाणी काढायची लाट वठणीवर आली! (आसेवर झुलणारा दांडा, एका टोकाला पोहरा, दुसऱ्याला वजनासाठी जांभ्याचा चिरा.) हिशेब मागेच टाकला होता: पोहऱ्याकडचा हात ४ मीटर, चिऱ्याकडचा १.२. पोहरा रिकामा २ किलो, भरलेला १२. मधला ७ धरला, म्हणजे खाली ओढायला आणि वर काढायला सारखाच ५ किलोचा जोर. ७ गुणिले ४ म्हणजे २८, त्यात दांड्याच्या स्वतःच्या वजनाचे २०. ४८ भागिले १.२, चिरा ४० किलोचा.

दांडा आडवा असताना समतोल चोख. पण भरलेला पोहरा तळातून उचलतानाच चिरा अंग चोरायचा. आसेला ग्रीस चोपडलं, गुहागरच्या बाजारातून नवं बेअरिंग आणलं (खाऱ्या वाऱ्यात असले चोचले टिकत नाहीत, जुना पाइपच बरा), फरक शून्य.

शेवटी ओळंबे सोडले, एक आसेवरून, एक चिऱ्याच्या मध्यावरून. टॉर्कला, म्हणजे दांडा फिरवणाऱ्या जोराला, लागतं ते या दोघांमधलं आडवं अंतर, दांड्यावरची लांबी नव्हे. चिरा दांड्यावर उभा बांधलेला, त्याचा गुरुत्वमध्य २० सेंटीमीटर वर. पोहरा खाली जाऊन दांडा ३० अंश कलला की हा मध्य आसेकडे १० सेंटीमीटर सरकतो. तेवढ्यानं पोहऱ्याकडे किलोभराहून जास्त भार वाढतो!

मग चिरा सुंभाने टांगला. टांगला की वजन गाठीवर पडतं, दोरी कितीही लांब असो. पण तो झुलून खांबावर आपटायला लागला. आता दांड्याच्या पोटाशी आडवा घट्ट आवळलाय. पोहरा तळाला गेला की चिरा उलट बाहेर सरकतो आणि उचलायला हातभार लावतो. पहिला पोहरा वर आला तेव्हा एका हाताने दोरी धरली होती! बांधायला सुंभच घ्या, नायलॉन जांभ्यावर सरकतो.

लिहितालिहिता सुचलं: खाली ओढताना अंगाचं वजन कामी येतं, मग दोन्हीकडे ५-५ हवेत कशाला? ७ खाली, ३ वर करू. त्यासाठी हाच चिरा १.४ मीटरवर न्यायचा. मागे दांडा तेवढा शिल्लक आहे. दांड्याचा माणगा (बांबू) अजून ओला आहे, सुकून हलका होईल. आणि पावसात जांभा पाणी पिऊन जड होईल. म्हणून पक्की जागा न ठरवता दांड्याला खाचाच पाडतो. किती अंतरावर पाडू?