रुळांच्या वायरिंगसाठी कनेक्टर निवडताना
आज दुपारभर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार, लॅमिंग्टन रोड, पालथा घातला तो एवढ्यासाठीच, की १:८७ प्रमाणातील माझ्या मॉडेल रेल्वेचे फळ्यांवरचे भाग पावसाळ्यात माळ्यावर टाकताना तारा झटपट सुटाव्यात. सिग्नलच्या दिव्यांना जेएसटी एक्सएच हा छोटा कनेक्टर पुरेसा आहे. परंतु त्याची क्षमता ३ अँपिअरची असल्याने ५ अँपिअरच्या बूस्टरची (रुळांना वीज पुरवणाऱ्या उपकरणाची) मुख्य लाइन त्यावर सोपवणे मला पटत नाही. तिथे अँडरसन पॉवरपोल हाच कनेक्टर हवा, कारण त्यात नर-मादी भेद नसतो आणि १५, ३० व ४५ अँपिअरचे कॉन्टॅक्ट (आतले धातूचे तुकडे) एकाच हाऊसिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या कवचात, बसतात. लाल-काळी हाऊसिंग प्रत्येक टोकाला एकाच पद्धतीने जोडली, तर उलटी जोडणी होतच नाही. भाव ऐकून घासाघीस मात्र करावीच लागली. क्रिंपिंगची (तारेवर कॉन्टॅक्ट दाबून बसवण्याची) पक्कड स्वस्तातली घेऊ नका, असे दुकानदाराने स्वतःहून बजावले, आणि ते योग्यच होते.