नाडी, चिंचोके आणि पश्चिमेचा वारा

आमच्या जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू, विमानांच्या लढाईच्या एका खेळापायी, गेल्या दिवाळीपासून पश्चिम मानली जाते. त्या बाजूला ब्रिटिश, स्वयंपाकघराच्या बाजूला जर्मन, आणि दोहोंच्या मध्ये आडवी टाकलेली पायजम्याची पांढरी नाडी म्हणजे १९१६ सालची फ्रान्समधील खंदकांची रेषा. घरी येणाऱ्या पाहुण्यांना हे समजावून सांगणे मी आता सोडून दिले आहे. ज्यांना खरोखर उत्सुकता असेल त्यांच्यासाठी, ही नाडी टेबलावर कशी आली आणि ती दर फेरीला चार बोटे का सरकते, याची हकिगत येथे लिहून ठेवतो.

मूळ खेळ इटलीचा आहे. आंद्रेआ आंजोलिनो आणि पियेर जॉर्जो पाल्या या दोघांनी रचलेला ‘विंग्ज ऑफ वॉर’ २००४ साली बाजारात आला आणि पुढे प्रकाशक बदलल्यावर त्याचे नाव ‘विंग्ज ऑफ ग्लोरी’ झाले. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या १:१४४ प्रमाणातील छोट्या प्रतिकृती, प्रत्येक विमानाचा स्वतंत्र पत्त्यांचा जोड आणि एक पट्टी, एवढ्यावर तो चालतो. त्याला पट नाही आणि फासेही नाहीत. प्रत्येक खेळाडू आपल्या विमानाच्या पुढच्या तीन हालचालींचे पत्ते गुपचूप निवडून पालथे ठेवतो, मग सगळे एकाच वेळी पहिला पत्ता उलटतात, तो विमानाच्या नाकासमोर लावतात आणि पत्त्यावरचा बाण जिथे संपतो तिथे विमान उचलून ठेवतात. समोरचा पट्टीच्या टप्प्यात आला तर गोळीबार होतो, आणि ज्याला गोळ्या लागल्या तो नुकसानीचा पत्ता एकटाच पाहून आपल्यापाशी ठेवतो. त्यामुळे समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या विमानाची अवस्था ओळखण्याचा एक वेगळाच डाव वरच्या वर चालू राहतो. माझ्या मेहुण्याला हे अजिबात जमत नाही. त्याच्या विमानाला आग लागली की त्याच्या कपाळावर आठ्या आधी दिसतात.

या खेळात मला सर्वांत आवडते ते हे की विमानांचे गुणदोष नियमांच्या पुस्तिकेत कोंबलेले नसून पत्त्यांतच उतरलेले आहेत. सॉपविथ कॅमलचा जोड हातात घेतला की उजवीकडची वळणे आखूड आणि डावीकडची ऐसपैस आहेत हे लगेच दिसते. या विमानाच्या इंजिनाचा दांडा विमानाला घट्ट बसवलेला असे आणि त्याच्याभोवती सिलिंडरांचा सगळा घेर पंख्यासकट गरगर फिरे. एवढे वजन नाकापाशी फिरत राहिले की भोवऱ्याचा गुण विमानालाही लागतो: उजवीकडे वळताना नाक खाली जाऊन विमान झटकन वळते, तर डावीकडे वळताना नाक वर उठते आणि वळण रेंगाळते. डावीकडे ९० अंश वळण्याऐवजी उजवीकडून २७० अंश फिरून यावे असे काही वैमानिक मानत, ते यामुळेच. नवशिक्यांच्या बाबतीत हाच गुण प्राणघातक ठरत असे. हे सारे न सांगता, केवळ पत्त्यांच्या आकारातून खेळाडूच्या हाताला कळावे, ही रचनाकारांची करामत मी मोठी मानतो.

परंतु या खोक्यात एक गोष्ट नव्हती आणि ती नाही हे मला पुष्कळ दिवस कळलेच नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आली होती. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कोणत्याही खेळाचे नियम पाठ होण्याआधी त्यातल्या फटी शोधते. तिला मी २३ नोव्हेंबर १९१६ ची प्रसिद्ध लढत खेळायला दिली. एका बाजूला ब्रिटिशांचा मेजर लॅनो हॉकर, २४ व्या स्क्वाड्रनचा प्रमुख, १९१५ साली हवाई लढतीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला आणि ‘दिसेल त्यावर हल्ला करा’ एवढ्याच आशयाच्या आदेशासाठी ओळखला जाणारा. दुसऱ्या बाजूला दहा विजय नावावर असलेला, तोवर फारसा कोणाला ठाऊक नसलेला, पुढे ‘रेड बॅरन’ म्हणून गाजलेला जर्मन वैमानिक मानफ्रेड फोन रिख्टहोफेन. हॉकरचे एअरको डीएच.२ हे विमान म्हणजे मागे पंखा आणि पुढे उघड्या टोपलीत बसलेला वैमानिक असा प्रकार होता. १०० अश्वशक्तीचे इंजिन आणि एकच लुईस मशीनगन, तिचीही गोळ्यांची चकती संपली की उडता उडता बदलायची. रिख्टहोफेनच्या अल्बाट्रॉस डी.२ ला १६० अश्वशक्तीचे मर्सिडीज इंजिन आणि दोन मशीनगन होत्या. माझ्याकडे डी.२ नसल्यामुळे आम्ही डी.३ वर भागवले.

भाचीने हॉकर घेतला आणि सलग तीन डाव जिंकले. डीएच.२ आखूड वळते, म्हणून ती नुसती गोल गोल फिरत राहिली आणि माझे अल्बाट्रॉस दर वेळी वळणाच्या बाहेर फेकले जाऊन आयतेच तिच्या टप्प्यात येत राहिले. तिसऱ्या डावानंतर तिने विचारले, “मामा, हे विमान इतकं छान वळतं, तर मग खरा हॉकर हरला कसा?”

या प्रश्नाचे उत्तर रिख्टहोफेनने स्वतःच पुढे लिहून ठेवलेले आहे. दोघेही साधारण ३,००० मीटरवर एकमेकांच्या शेपटीमागे घिरट्या घालू लागले, आधी डावीकडे वीसेक, मग उजवीकडे तीसेक. हॉकर त्याच्या आतून वळत होता, पण प्रत्येक घिरटीत दोघांचीही उंची कमी होत होती आणि चढण्यात अल्बाट्रॉस सरस असल्यामुळे वरची जागा हॉकरला काही मिळत नव्हती. त्याच वेळी पश्चिमेकडून वाहणारा वारा त्या दोघांना, त्यांच्या घिरट्यांसकट, बापोम या गावाच्याही पलीकडे जर्मन मुलखात ढकलत होता. रिख्टहोफेनला त्याची फिकीर नव्हती, कारण खाली त्याचीच माणसे होती. हॉकरचे मात्र पेट्रोल संपत आले होते आणि घर दर मिनिटाला लांब जात होते. अखेर जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर तो नागमोडी उडत आपल्या रेषेकडे निघाला, आणि सरळ घरी जाणाऱ्या माणसाचा पाठलाग अधिक वेगाच्या विमानाला अवघड नव्हता. रिख्टहोफेनच्या मशीनगन ऐन वेळी अडकल्या होत्या, तरीही सुमारे ९०० गोळ्यांपैकी शेवटच्या काहींतील एक हॉकरच्या डोक्यात लागली. रिख्टहोफेनचा हा अकरावा विजय.

म्हणजे हॉकरला वळणाने हरवलेच नव्हते. आमच्या टेबलावर उंचीचे ऐच्छिक नियम घेतले तर चढाईचा फरक आला असता, पण वारा कुठून आणायचा? मी त्या रात्री मोठ्या हौसेने एक नियम लिहिला: दर फेरीच्या शेवटी प्रत्येक विमान पूर्वेला चार बोटे सरकवायचे. दुसऱ्या दिवशी तो वापरून पाहिला आणि पुरता फजितवाडा झाला. विमाने सरकवताना त्यांचे कोन बिघडत, दोघांच्या बैठकी एकमेकींना अडत, आणि कोणाचे विमान किती सरकले यावरून वाद होई. मेहुण्याच्या आठ्या आता खेळाआधीच दिसू लागल्या.

भाचीने थोडा वेळ हे पाहिले आणि म्हणाली, “मामा, सगळीच विमानं सारखी सरकणार असतील तर विमानं कशाला हलवतोस? खालची जमीनच हलव की.”

नदीच्या प्रवाहात दोन होडकी एकमेकांभोवती फिरत असली तर त्यांच्यातल्या शर्यतीवर प्रवाहाचा काहीही परिणाम होत नाही. सरकतो तो काठ. मी अनेक वर्षे या विमानांविषयी वाचतो आहे, पण वारा ही लढाईतली नव्हे तर नकाशातली गोष्ट आहे, हे मला इतक्या स्वच्छपणे त्याआधी दिसले नव्हते. विमाने जिथल्या तिथे ठेवून आम्ही खंदकांची रेषा काढता-घालता येईल अशा वस्तूची शोधाशोध केली, आणि कपाटातली नाडी टेबलावर आली. वारा पश्चिमेकडून आहे, म्हणून नाडी दर फेरीला पश्चिमेकडे, म्हणजे हॉकरच्या घराकडे, चार बोटे मागे हटते.

चार बोटेच का, याचाही हिशेब आहे. तीन पत्त्यांच्या एका फेरीत डीएच.२ सरळ गेले तर सुमारे सव्वा वीत, म्हणजे पंधरा अंगुळे, पुढे जाते. खऱ्या डीएच.२ चा वेग ताशी १५० किलोमीटर धरला तर चार बोटे म्हणजे ताशी ४० किलोमीटरचा वारा होतो, आणि नोव्हेंबरातल्या उत्तर फ्रान्सच्या आकाशात तो काही अतिशयोक्त नाही. पेट्रोलसाठी हॉकरसमोर वीस चिंचोके ठेवले, दर फेरीला एक उचलायचा.

यानंतरचा डाव आधीच्या तिन्हींपेक्षा निराळाच झाला. लढत नाडीच्या अगदी वर सुरू झाली. भाची पूर्वीसारखीच घिरट्या घालू लागली आणि पूर्वीसारखीच मला पट्टीच्या टप्प्यात घेऊ लागली, पण पाचव्या-सहाव्या फेरीनंतर तिची नजर माझ्या विमानावरून नाडीकडे जाऊ लागली. बाराव्या फेरीला नाडी टेबलाच्या कडेवरून खाली उतरली, तेव्हा आम्ही ती खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि मधल्या फटीत पोळपाट ठेवून विमानांसाठी आकाश वाढवले. तिच्याकडे आठ चिंचोके उरले होते. घराकडे तोंड करून सरळ गेल्यास फेरीला पंधरा अंगुळे मिळणार, पण नाडी चार बोटे मागे जाणार, म्हणजे हाती अकराच. अठ्ठेचाळीस बोटे कापायला पाच फेऱ्या. आणखी तीन फेऱ्या लढत राहिले असते तर चिंचोके पाच आणि लागणाऱ्या फेऱ्या सहा झाल्या असत्या. तिने हे मनात केले, कागदावर नव्हे, आणि तेराव्या फेरीला निघाली. सरळ उडणाऱ्या विमानामागे लागून मी दोन वेळा गोळीबार केला, तिसऱ्या वेळी माझी मशीनगन अडकल्याचा पत्ता निघाला, आणि दोन चिंचोके शिल्लक असताना ती नाडीपार झाली. पुढच्या डावात मी हॉकर झालो, आणखी एकदा तरी नेम साधेल या लोभाने सोळाव्या फेरीपर्यंत थांबलो, आणि चिंचोके संपले तेव्हा नाडी माझ्यापासून दीड वीत दूर होती.

त्यानंतर पश्चिम आघाडीवरच्या बऱ्याच गोष्टी मला या नाडीवरून समजू लागल्या. फ्रान्समधील ब्रिटिश हवाई दलाचा प्रमुख ह्यू ट्रेंचर्ड याच्या धोरणानुसार ब्रिटिश वैमानिक नेहमी शत्रूच्या हद्दीत जाऊन लढत आणि जर्मन बहुधा आपल्याच हद्दीत वाट पाहत. वारा बहुतेक दिवशी पश्चिमेचा. त्यामुळे इंजिन बंद पडलेला ब्रिटिश वैमानिक युद्धकैदी होई, तर जर्मन वैमानिक आपल्याच माणसांत उतरे. ६ जुलै १९१७ रोजी रिख्टहोफेनच्या डोक्याला गोळी लागली, तरी तो आपल्या बाजूला उतरू शकला आणि काही आठवड्यांत पुन्हा उडू लागला. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर २३ व्या स्क्वाड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन उडवत. ते २७ जून १९१८ च्या गस्तीवरून परतले नाहीत, ३० जूनला मृत्यू पावले, आणि आमियाँजवळच्या हांगार येथे त्यांचे दफन आहे. डॉल्फिनची प्रतिकृती माझ्यापाशी नाही, म्हणून एक पुठ्ठ्यातून कापली आहे. खऱ्या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर येई, ते दाखवायला मोहरीचा एक दाणा चिकटवला आहे.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री भाचीने २१ एप्रिल १९१८, म्हणजे रिख्टहोफेन मारला गेला त्या दिवसाची लढत मांडली. सोम नदीच्या खोऱ्यात त्या दिवशी नेहमीच्या उलट, पूर्वेकडून वारा होता, आणि रिख्टहोफेन आपल्या तीन पंखी फोकरमधून विल्फ्रिड मे या नवख्या वैमानिकाच्या कॅमलमागे लागला होता. मी रिख्टहोफेन, भाची मे, आणि तिच्या मदतीला मेहुणा. कॅमल दर फेरीला डावी-उजवीकडे हेलकावत होते आणि मी पट्टी लावून अर्ध्या टप्प्यात आलो का तेवढेच पाहत होतो. दोनदा अर्ध्या पट्टीच्या आत आलो, एकदा तिच्या विमानातून धूर निघाला, आणि पुढच्या फेरीसाठी मी तिन्ही पत्ते सरळचे लावले. दरम्यान नाडी कोण सरकवत होते याकडे माझे लक्षच नव्हते. पत्ते उलटल्यावर मी खाली पाहिले, तेव्हा ती माझ्या शेपटीच्या मागे, स्वयंपाकघराच्या बाजूला, चांगली वीतभर लांब पडलेली होती.